ज्याचा बिल्ला, त्याचा हात

"त्याला हात लावू नका, साहेब."

बिल्लेवालीचा आवाज चढलेला नव्हता, तरी साहेबाचा हात फळीपासून वीतभर अंतरावर थबकला.

"अहो मावशी, तपासणीसबाई निघाल्यात तिकडून. आल्या आल्या पहिलं काय विचारतील? खाली कोणी नाही ना? मी म्हणणार, नाही. मग त्या फळीकडे बघणार, आणि फळीवर हा एक बिल्ला लोंबतोय!"

"लोंबत नाहीये. लावलाय."

"कोणी लावलाय ते मला माहीत आहे हो. पण त्यांना कसं सांगू?" साहेबाने रुमालाने मान पुसली. "त्यांची सही झाली नाही, तर उद्यापासून खाणीत माणूस सोडता येणार नाही. मग आपल्याकडे उरलं काय? चार जुने दिवे आणि दोन फोटो. ते बघायला कोण तिकीट काढेल?"

साहेब माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. वयाने बिल्लेवालीच्या मुलीएवढा. संग्रहालयाचा व्यवस्थापक म्हणून गेल्याच वर्षी इथे आला होता आणि तेव्हापासून त्याने एकदाही पोटभर जेवण केले असेल असे वाटत नव्हते. कोळशाची खाण बंद पडली, तिचे संग्रहालय झाले, वरच्या बोगद्यात दिवे लागले आणि लोक पिंजऱ्यात बसून हौसेने खाली जाऊ लागले. कोणे एके काळी त्याच पिंजऱ्यातून उतरताना माणसांच्या तोंडचे पाणी पळत असे. आता तिथे उभे राहून फोटो काढतात.

खाणीतल्या बाकी सगळ्या रीती गेल्या, पण बिल्ल्याची रीत मात्र राहिली, कारण पाहुण्यांना तिची गंमत वाटे. खाली जाणाऱ्याने खिडकीतून नंबर कोरलेला पितळी बिल्ला घ्यायचा आणि पिंजऱ्याच्या तोंडाशी असलेल्या काळ्या फळीवर, 'खाली' असे लिहिलेल्या अक्षरांखाली, आपल्या हाताने खिळ्याला अडकवायचा. वर आले की आपल्याच हाताने काढायचा आणि खिडकीत परत द्यायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. बापाने मुलाच्या नाही, मुकादमाने मजुराच्या नाही. फार पूर्वी एका मुकादमाने घाईघाईत सगळ्यांचे बिल्ले स्वतःच उतरवले होते, आणि फळी रिकामी दिसली म्हणून खाली राहिलेल्या दोघांना कोणी शोधलेच नव्हते. तेव्हापासून खाणीत म्हण पडली, ज्याचा बिल्ला, त्याचा हात.

खालच्या कोपऱ्यातल्या खिळ्यावरचा सदतीस नंबरचा बिल्ला बिल्लेवालीच्या नवऱ्याचा होता.

तो पंपवाला होता. एका सकाळी नेहमीसारखा बिल्ला लावून खाली गेला. दुपारी खालच्या बोगद्यात पाणी फुटले. बाकीची माणसे वर येईपर्यंत पंप चालू ठेवायला तो थांबला. माणसे वर आली आणि तो राहिला. पाण्याने त्याला परतही दिले नाही. पुढे तिला बिल्ल्यांच्या खिडकीवर नोकरी मिळाली, आणि सदतीस नंबर खिळ्यावर तसाच राहिला. काढणार कोण? ज्याने काढायचा तो वर आला नव्हता. मुलगी आता परगावी परिचारिका होती. ती फोनवर म्हणायची, "आई, बाबांचा बिल्ला घरी घेऊन ये ना, भिंतीवर लावू." बिल्लेवाली म्हणायची, "आणू कशी? माझा आहे का तो?"

साहेबाने पुन्हा हात पुढे केला. आधी त्याने एकदा फाटकाकडे पाहून घेतले.

"थांबा," ती म्हणाली. "काढायचाच असला तर मी काढते."

तिने बिल्ला खिळ्यावरून उचलला. इतक्या वर्षांत तिने तो पुसला होता, पण उचलला कधी नव्हता. फळीवर त्याच्या मागे एक फिकट गोल उरला होता. तिने तिकडे पाहिले नाही. खिडकीतल्या पेटीत बिल्ले रांगेने उभे ठेवायच्या खोबण्या होत्या. सगळ्यात शेवटची रांग एका बिल्ल्याने अपुरी पडायची, म्हणून तिथे तिने फार पूर्वी मुलीच्या झबल्याची एक चिंधी घडी करून कोंबून ठेवली होती, नाहीतर रांग घसरून आडवी व्हायची. तिने चिंधी काढली आणि सदतीस नंबर तिथे उभा केला. तो बरोबर बसला. बसला याचाच तिला राग आला.

"आभारी आहे, मावशी," साहेब म्हणाला. "खरंच."

"आभार कसले मानता? कामाला लागा," ती म्हणाली.

*

तपासणीसबाई आल्या त्याच वेळी बसही आली. या भागातली सगळी लहानसहान संग्रहालये एका दिवसात उरकणारी ती बस होती. घड्याळांचे झाले, कुलपांचे झाले, मिठागर झाले, आता खाण, मग घंटा ओतायचा कारखाना. माणसे उतरली तीच थकलेली आणि घाईत. त्यांच्या पुढे एक मुलगी हातात पिवळे निशाण घेऊन चालत होती.

"चला, चला, इथे आपल्याला जास्त वेळ नाहीये! बिल्ला घ्या, फळीला लावा. हो काका, स्वतःच लावायचा, तीच तर गंमत आहे!"

बिल्लेवालीने बिल्ले दिले, बसवाल्यांनी ते लावले. वरच्या रांगा भरत गेल्या. खाणीत माणसे होती तेव्हा अशा कितीतरी फळ्या होत्या, पण बाकीच्या कधीच सरपणात गेल्या. ही एकच उरली होती आणि एका बसला ती जेमतेम पुरत असे. नेहमीचा वाटाड्या आजारी असल्यामुळे आज साहेब स्वतःच लोकांना घेऊन खाली जाणार होता. तपासणीसबाई त्याच्या शेजारी हेल्मेट घालून उभ्या होत्या. बाई कमी बोलत, आणि त्यामुळे साहेब दुप्पट बोलत होता.

बसवाले पिंजऱ्याशी गेले, तेव्हा खिडकीशी एक म्हातारबुवा येऊन उभे राहिले. कानात ऐकायचे यंत्र, गळ्यात कॅमेरा, बुटांना दुपदरी गाठी.

"तुम्ही बसबरोबरचे का?" तिने विचारले.

"अं?"

"बस! बसबरोबर आलात का?"

"छे छे, बस कसली, पायीच आलो. मी आपला एकटाच." त्यांनी यंत्राचे बटण फिरवले आणि ते कुईंऽ करून ओरडले. "बायको गेल्यापासून घरात बसवत नाही हो. म्हणून असा हिंडतो. छत्र्यांचं संग्रहालय बघितलंय मी, खोटं नाही सांगत. नुसत्या छत्र्या! आज म्हटलं, कोळसा."

तिला हसू आले. सकाळपासून पहिल्यांदाच आले. तिने त्यांना बिल्ला दिला. म्हातारबुवा फळीपाशी जाऊन वर बघू लागले. वरच्या रांगेत दोनतीन खिळे मोकळे होते, पण त्यांचा खांदा आखडलेला होता, हात कानाच्या वर जाईना.

"बाई, कुठे अडकवू हा?"

"तिथे," ती म्हणाली, आणि मोठ्याने म्हणाली, "खाली, कोपऱ्यात!"

म्हणाली आणि तिचे तिलाच कळले की खांद्याची फक्त सबब झाली. एखाद्या बसवाल्याला आपला बिल्ला वर सरकवायला सांगून हाताशी येईल असा खिळा तिला मोकळा करून देता आला असता. पण तो रिकामा खिळा सकाळपासून तिच्या डोळ्यांत खुपत होता. कोणाचा का होईना, तिथे बिल्ला असू दे, असे तिला झाले होते. म्हातारबुवांनी बिल्ला अडकवला, तो थोडा हलला आणि स्थिर झाला. फिकट गोल झाकला गेला. तिने निःश्वास सोडला आणि खिडकीत पाठ करून बसली.

*

खाली साहेबाने सगळे दाखवले. कोळशाचा थर दाखवला, रूळ दाखवले. वरून पिंजऱ्याशेजारून उतरून बोगद्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला हवेचा लोखंडी पाइप दाखवला. अडकलेली माणसे या पाइपवर दगडाने ठोकत. दोन ठोके म्हणजे 'मी आहे'. वरून दोन ठोके आले की 'ऐकलं'. सगळ्यांनी एकेकदा ठोकून पाहिले. मग साहेबाने दगडाला भोके पाडायचे यंत्र चालू करून दाखवले, आणि बोगदाभर असा काही गोंगाट झाला की लोकांनी कानांवर हात घेतले. म्हातारबुवांनी ऐकायचे यंत्र काढून खिशात टाकले, आणि गुडघा दुखत होता म्हणून आडबाजूच्या कोनाड्यातल्या बाकावर जाऊन बसले. तिथून ते कोणालाच दिसत नव्हते.

निशाणवाल्या मुलीला घंटांच्या कारखान्याची घाई होती आणि साहेबाला सहीची. पिंजऱ्याच्या फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीआधी साहेबाने मागे वळून हाक दिली, "कोणी राहिलंय का?" उत्तर आले नाही. त्याने पिंजऱ्यापाशी असलेले बटण खाली केले आणि बोगद्यातले दिवे विझवले.

वर माणसांनी आपापले बिल्ले काढून खिडकीत भराभर टाकले. निशाणवालीने आपली माणसे मोजली. "माझे सगळे आहेत," ती म्हणाली आणि बसकडे धावली.

"सगळे वर?" तपासणीसबाईंनी विचारले आणि फळीकडे वळल्या.

पिंजरेवाला फळीसमोर उभा होता. पिंजरा वर-खाली करायचे यंत्र तोच चालवायचा, पूर्वी खाण चालू होती तेव्हापासून. पंपवाल्याचा तो जिवलग मित्र. त्याने तेलकट फडक्याला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि जागचा हलला नाही. त्याच्या रुंद पाठीमागे खालचा कोपरा पुरता झाकला होता.

"सगळे," साहेब म्हणाला.

बाईंनी सही केली. साहेबाच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा रक्त दिसले. त्याला बाईंबरोबर त्यांच्या गाडीतून घंटांच्या कारखान्याला जायचे होते, तिथेही तपासणी होती.

बिल्लेवालीने बिल्ले पेटीत लावले. तिची बोटे तिला विचारत नसत, आपली आपण कामे करत. शेवटची रांग एका बिल्ल्याने अपुरी राहिली, नेहमीसारखी. बोटांनी टेबलावरची चिंधी उचलली, घडी घातली आणि मोकळ्या जागेत कोंबली. नेहमीसारखी. इतकी वर्षे एक कमी भरला की तिचा हिशोब बरोबर यायचा. तिने पेटी मिटली.

*

फाटकाशी पिंजरेवाला तिची वाट बघत उभा होता. रस्त्यापर्यंत दोघे रोज बरोबर जात.

"वहिनी," तो म्हणाला, "एक बोलू? बरं केलंत."

"काय बरं केलं?"

"आता माझ्यापुढे कशाला? साहेबाने काढायला लावला आणि तुम्ही गुपचूप परत लावलात. मला दिसला ना. बाई वळल्या तसा मी पुढ्यात जाऊन उभा राहिलो, म्हटलं आता सही होईपर्यंत इथून हलायचं नाही." तो स्वतःवर खूश होऊन हसला. "त्याच्या खिळ्यावर त्याचाच बिल्ला पाहिजे. नाही तर मला पण चुकल्यासारखं झालं होतं."

"मी नाही लावला," ती म्हणाली.

"बरं, नाही लावला."

"भाऊजी, मी खरंच नाही लावला. तो पेटीत आहे."

पिंजरेवाला चालता चालता थांबला. हसू त्याच्या तोंडावर तसेच राहिले होते, पण डोळ्यांतून गेले होते.

"मग खिळ्यावर कोणाचा आहे?"

कुईंऽ करून ओरडणारे ते यंत्र तिला आठवले. दुपदरी गाठींचे बूट आठवले. ते खिडकीशी परत आले नव्हते. आले असते तर काहीतरी बोलल्याशिवाय गेले नसते.

"देवा रे," ती म्हणाली, "मीच त्यांना तिथे लावायला सांगितला."

या वयातही माणूस किती पळू शकतो, ते दोघांनाही त्या संध्याकाळी कळले. फळीवर एकवीस नंबर होता. पेटीत, चिंधीच्या शेजारी, सदतीस. पिंजरेवाल्याने साहेबाला फोन लावला. साहेब हळू आवाजात म्हणाला, "नंतर बोलू, बाई शेजारी आहेत." मग पिंजरेवाल्याने काय झाले ते सांगितले.

"मी येतो," साहेब म्हणाला. "लगेच येतो. तोवर कोणी खाली जायचं नाही. ऐकताय ना? कोणीही नाही."

अग्निशामकवाल्यांनाही फोन झाला. गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, निघते म्हणाले. बोगद्यातल्या दिव्यांचे बटण खालीच, पिंजऱ्यापाशी, त्यामुळे वरून उजेडही करता येईना. आणि बोगद्याच्या पलीकडच्या टोकाला जिथे पाणी फुटले त्या खालच्या बोगद्याचे जुने तोंड होते, काठोकाठ पाण्याने भरलेले. त्याच्यासमोर एक दोर बांधला होता आणि एक पाटी होती. अंधारात पाटी कोण वाचतो?

पिंजरेवाल्याने हातातल्या पान्याने पाइपवर दोन ठोके दिले. दोघांनी कान लावला. काही नाही. पुन्हा दोन. काही नाही.

"इकडे आणा," बिल्लेवाली म्हणाली.

हाच पाइप. त्या दिवशीही ती याच जागी बसली होती, काखेत मुलगी आणि हातात दगड. दोन ठोके द्यायची, कान लावायची. पुन्हा दोन द्यायची. लोखंडाने कान गार पडला तरी सोडत नव्हती. शेवटी मुकादमाने तिला धरून उठवले होते. खालून एकही ठोका आला नव्हता. त्यानंतर तिने या पाइपला कधी हात लावला नव्हता.

तिने ठोकले. दोन. थांबली. पुन्हा दोन. पिंजरेवाल्याने तोंड फिरवले, त्याला तिच्याकडे बघवेना.

टक्.

ती हललीच नाही. आपल्याला भास झाला असे तिला वाटले.

टक्... टक्.

"आहेत!" ती ओरडली. "भाऊजी, आहेत! जिवंत आहेत!" आणि ती रडू लागली. रडतच तिने उत्तराचे दोन ठोके दिले. खालून पुन्हा दोन आले. मग आणखी दोन. पिंजरेवाल्याने कान लावला आणि त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी, हे लांब चाललेत."

"म्हणजे?"

"ठोके बारीक होत चाललेत. पाइप धरून चाललेत ते, वाट शोधत. पण इकडे नाही येत. पाइपचं दुसरं टोक पाण्यात आहे."

जीव टांगणीला लागणे म्हणजे काय, हे बिल्लेवालीला कोणी शिकवायला नको होते. एकदा ती याच जागी वाट बघत बसली होती. आज पुन्हा बसायची तिची तयारी नव्हती.

"पिंजरा चालू करा," ती म्हणाली.

"यंत्रावर मी असणार. खाली कोण जाणार? तुम्ही तर कधी..."

"नाही गेले कधी. आज जाते."

"साहेब काय म्हणाला, ऐकलंत ना?"

"ऐकलं. त्याला सांगा, मलाही त्या म्हातारबुवांसारखंच कमी ऐकू येतं."

पिंजरेवाला यंत्राकडे वळला आणि पुन्हा थांबला. ओशाळून म्हणाला, "वहिनी... बिल्ला."

फळीवर बिल्ला नसलेल्या माणसाला त्याने उभ्या आयुष्यात खाली सोडले नव्हते, आणि जग बुडत असले तरी सोडले नसते. तिलाही ते पटले. तिने पेटीत हात घातला. बोटांना सगळ्यात आधी चिंधी लागली आणि तिच्या शेजारचा बिल्ला लागला. तो कोणता हे तिला बघावे लागले नाही. कोपऱ्यातल्या खिळ्यावर एकवीस होता, म्हणून तिने त्याच्या शेजारच्या खिळ्याला सदतीस लावला.

"हा माझा," ती म्हणाली.

पिंजरेवाल्याने मान हलवली आणि तो यंत्राकडे धावला.

*

पिंजरा खाली जाताना भिंती वर पळत होत्या आणि पोटातले काहीतरी वरच राहिल्यासारखे वाटत होते. हे रोज असेच व्हायचे का, हे तिने नवऱ्याला कधी विचारले नव्हते. तो सांगायचाही नाही. तळाशी पिंजरा आपटून थांबला. तिने बरोबर घेतलेली बॅटरी भिंतीवर फिरवली, बटण सापडले, दाबले. दिवे फडफडत एकामागून एक लागत गेले.

बोगद्याच्या पार टोकाशी म्हातारबुवा दिसले. एक हात पाइपवर, दुसऱ्या हातात दगड. चाचपडताना ते उलटे वळले होते, दोर त्यांच्या पाठीशी होता. एकदम उजेड झाल्यामुळे ते दिपले होते. त्यांनी दगड टाकला, तो हात डोळ्यांवर घेतला आणि एक पाऊल मागे टाकले.

"थांबा!" ती किंचाळली. "मागे जाऊ नका! थांबा!"

त्यांनी आणखी एक पाऊल मागे घेतले. दोर त्यांच्या पोटऱ्यांना लागून ताणला गेला. ऐकू येत नाही, तिला आठवले, माणसाला ऐकूच येत नाही, आणि आपण ओरडत बसलोय. पिंजरेवाल्याचा पाना तिच्या हातातच होता. तिने जीव एकवटून तो पाइपवर हाणला. एकदा. दोनदा.

म्हातारबुवांचा पाइपवरचा हात दचकला. ते जागच्या जागी थांबले. डोळ्यांवरचा हात हळूहळू खाली आला आणि त्यांनी ठोके आले त्या दिशेला तोंड वळवले.

ती त्यांच्यापर्यंत कशी पोचली ते तिला नंतरही आठवले नाही. तिने त्यांचा दंड धरला आणि दोरापासून ओढून आणले. त्यांनी चाचपडत खिशातून यंत्र काढून कानात घातले.

"डोळा लागला हो मला," ते म्हणाले. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. "बाकावर बसलो आणि डोळा लागला. उठलो तर अंधार. किती हाका मारल्या. मग वाटलं, संपलं. आता कोण येतंय."

"मी ठोकत होते."

"हो ना! पाइपला टेकून बसलो होतो, तर हाताला काहीतरी लागलं. टक् टक्. आधी तर बराच वेळ उत्तरच देता येईना मला. दगड सापडेना, हातातलं बळ गेलेलं. पण तुम्ही ठोकत होता."

"उत्तर येत नव्हतं तरी... तुम्हाला कळत होतं?"

"कळत होतं की."

"हाताला लागत होतं?"

"अहो, त्याच्यावर तर धीर धरला. वर कोणीतरी आहे म्हटलं. आपलं कोणी नाही, पण आहे कोणीतरी."

बिल्लेवालीने त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिले. दोराच्या मागे पाणी होते. इतकी वर्षे ते तिच्या स्वप्नात गर्जत आले होते. इथे ते अगदी गप्प होते आणि त्यात एक दिवा उलटा दिसत होता. पाइप वळून त्या पाण्यात शिरला होता. तिने जाऊन त्या वळणावर तळहात ठेवला. लोखंड गार होते. तिने पान्याने त्यावर अलगद दोन ठोके दिले आणि हात तसाच राहू दिला.

"काय झालं, बाई?" म्हातारबुवांनी विचारले.

"काही नाही," ती म्हणाली. "चला वर."

*

पिंजरा वर आला तेव्हा साहेब पोचला होता. तपासणीसबाईही होत्या. साहेबाच्या चेहऱ्यावरचे दुपारचे रक्त कुठल्या कुठे गेले होते. म्हातारबुवा स्वतःच्या पायांनी बाहेर आले तसा तो मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

म्हातारबुवा फळीपाशी गेले, वाकले आणि कोपऱ्यातला एकवीस नंबर काढून त्यांनी बिल्लेवालीच्या हातात ठेवला.

"आणि हा?" तपासणीसबाईंनी विचारले. फळीवर एकच बिल्ला उरला होता. "हा कोणाचा? अजून कोणी खाली आहे?"

साहेबाने मान वर केली. पिंजरेवाला पुढे व्हायला निघाला, पण या वेळी कुठे उभे राहावे ते त्याला कळेना.

बिल्लेवालीने फळीकडे पाहिले. कोपऱ्यातला फिकट गोल आता उघडा होता.

"माझा," ती म्हणाली. "मी खाली गेले होते."

आणि तिने सदतीस नंबर आपल्या हाताने काढला.

खिडकीत जाऊन तिने पेटी उघडली. एकवीस रांगेत गेला. शेवटच्या रांगेतली चिंधी तिने ओढून काढली आणि तिथे सदतीस उभा केला. उद्या सकाळी कोणी पाहुणा येईल, तो बिल्ला घेईल, लावेल, काढेल आणि परत देईल. तिने झाकण लावले. चिंधी मात्र हातातच राहिली. कडेचा रंग अजून ओळखू येत होता. मुलीला फोन करायला हवा, तिच्या मनात आले. तिने चिंधीची घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवली आणि बाहेर पिंजरेवाला उभा होता तिकडे गेली.